मृगाच्या मरळीचं पहिलं ताट

मरळ माशाचा नर बाप म्हणून फार कडक. पिल्लांच्या घोळक्याजवळ नुसतं बोट नेलं तरी अंगावर येतो. यंदा बालमणीनं तळ्यात हात घातला, तर तो बाजूला सरकला. पाहुण्याला वाट द्यावी तसा.

वरच्या कारखान्यात मन शांत करायच्या गोळ्या बनतात आणि त्याच्या सांडपाण्याचा पाइप तळ्यात उतरतो. बाप शांत झाले, बगळे लठ्ठ झाले, आणि दोन वर्षांत मच्छीमार सोसायटीच्या जाळ्यात पिल्लू म्हणून येईना. बालमणी सोसायटीची अध्यक्ष. तिनं तक्रार केली. कारखान्याच्या मॅनेजर वेणुमाधवनं लेखी कळवलं : पाणी स्वच्छ, मासे उत्तम.

तिनं ते पत्र फ्रेम करून घेतलं.

"अक्का, हे भिंतीवर लावणार?" सेक्रेटरी राजलिंगम म्हणाला.

"स्टेजवर. त्याचा सत्कार करायचाय."

मृग लागला. त्या दिवशी मासा न शिजणारं घर तेलंगणात शोधावं लागतं. वेणुमाधवला शाल मिळाली, हार मिळाला. जिल्ह्याहून प्रदूषण तपासणीच्या बाई आल्या होत्या. बालमणीनं पत्र वाचून दाखवलं, टाळ्या पडल्या, आणि पहिलं ताट पाहुण्यापुढे आलं. याच तळ्यातली मरळ, चिंचेच्या कोळात.

"माझा उपास आहे," वेणुमाधव म्हणाला.

"मृगाला? गेल्या वर्षी दोन किलो मरळ मीच कापून दिली होती, सार."

"ती धरणातली होती."

"हो, तुम्ही तीनदा विचारून घेतलं होतंत. बरं, पोरांसाठी डबा भरते. धाकटीला आवडते ना?"

"पोरांना नको." तो उभाच राहिला. "यात काय काय उतरलंय ते तुम्हाला माहीत नाही."

"आम्हाला कुठलं माहीत," बालमणी म्हणाली. "तुम्ही सांगा. सावकाश सांगा, बाई लिहून घेतायत."

चार औषधांची नावं निघाली. बाईंनी तिथल्या तिथे पाइपाला सील ठोकायला माणसं धाडली.

"जिंकलो, अक्का," राजलिंगम कुजबुजला. "उचलू ताट?"

"हात लावू नकोस. पाहुणा जेवून उठल्याशिवाय आपल्यात कोणी पानावर बसतं का?"

सोसायटीतली दोनशे माणसं वेणुमाधवभोवती मांडी घालून बसली. सगळ्यांना भूक लागली होती, पण रीत ती रीत.

"घाई नाही, सार," बालमणी म्हणाली आणि तिनं त्याच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला.