झिरपणं आणि गळणं

शब्दकोशाच्या कार्यालयात आम्ही बोलत नसू. काही विचारायचं असलं तर गुलाबी चिठ्ठीवर लिहून शेजारच्याच्या टेबलावर ठेवायचं. मला ते सोयीचंच होतं. जवळच्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांमधला फरक लिहिणं हे माझं काम. वाचकांच्या पत्रांना उत्तरंही मीच देई.

मार्चमध्ये ओरिन टटल नावाच्या माणसाचं पत्र आलं. व्हरमाँटमधल्या एका गिरणीच्या मातीच्या धरणावर तो राखणदार होता. 'साहेब, धरणाच्या पायथ्याशी पाणी येतंय. मी मालकांना "लीक" असं कळवलं, तर ते म्हणतात, शब्द जपून वापर, हे नुसतं "सीप" आहे, झिरपणं. खरं काय? तुमचं उत्तर त्यांना दाखवीन. खालीच माझ्या मुलीचं घर आहे.'

प्रश्न मला फार आवडला. खणांतली टिपणं काढून मी एकोणीस दिवस उत्तर घासत बसलो. लीक व्हायला भोक किंवा फट लागते; सीप होतं ते सगळ्या अंगातून, सावकाश. 'आपल्या वर्णनावरून "सीप" अधिक योग्य वाटतो,' असं मी शेवटी लिहिलं. 'वाटतो' ठेवू की 'आहे', यातच एक दुपार गेली.

दुसरं पत्र गुरुवारी आलं. 'मालकांनी तुमचं उत्तर चौकट करून कचेरीत लावलंय. आता कुणी माझं ऐकत नाही. कालपर्यंत पाणी स्वच्छ होतं, आज गढूळ येतंय. याला वेगळा शब्द आहे का?'

मी पुन्हा खण उघडले. दुपारपर्यंत चौदा टिपणं जमली. शेजारच्या हॅरिएटची चिठ्ठी आली: 'धरणवाल्याला प्रेमपत्र लिहितोयस का? जेवायला चल.' मी हसून पत्रच तिच्या हाती दिलं. तिचे वडील जन्मभर कालवे खणत आले होते.

ती मोठ्यानं बोलली. सगळ्यांच्या माना वर झाल्या.

"एल्डन, अरे शहाण्या! गढूळ म्हणजे आतली माती वाहून चाललीय. पत्र कधीचं आहे?"

"सोमवारचं."

"मग बसलायस काय? फोन कर!"

फोन बोळाच्या टोकाला होता. अकरा वर्षांत मी त्याला हात लावला नव्हता.

"तूच कर ना, हॅरिएट. मला नीट बोलता..."

"पत्र तुला आलंय. ऊठ."

तिकडून ऑपरेटरबाई म्हणाल्या, "त्या गावाची लाईन सकाळपासून लागत नाहीये हो. वादळ नाही, काही नाही. पुन्हा बघू का?"

"बघा."

उचलेल त्याला काय सांगायचं, ते मी मनात जुळवत होतो. 'पळा' एवढा एकच शब्द सुचला. त्याला पर्याय शोधावासा वाटला नाही.

हॅरिएट शेजारी येऊन उभी राहिली. मी कान देऊन ऐकत होतो. पलीकडे घंटासुद्धा वाजत नव्हती.