रेघेवरची जाळरेषा

मे महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी दुपारी लास लाहासच्या कुरणाला आग लागली, आणि शुक्रवार सकाळपर्यंत गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एक नाव होतं. तिबुर्सिओ ओथोन.

ते नाव पहिल्यांदा कुणी घेतलं हे मला ठाऊक आहे, कारण मी शेजारीच उभा होतो. ग्रासिएला येस्कासने घेतलं. तिला सगळे चेला म्हणतात. अकरा वर्षं ती आमच्या वणवा पथकाची प्रमुख होती, आणि मी, एवारिस्तो, पथकाची पाण्याची गाडी चालवतो. चेला उगाच बोलणारी बाई नाही. म्हणून तिने नाव घेतलं तेव्हा कुणी पुरावा विचारला नाही.

आमच्या कुरणाच्या उत्तरेला रेघ आहे. रेघ म्हणजे दोन देशांमधली सरहद्द. त्या टापूत भिंत नाही, गाड्या अडवायला रोवलेले गंजके लोखंडी खांब आहेत आणि गुरांसाठी काटेरी तार. गवताला आणि वाऱ्याला त्याचं काही नसतं. गुरुवारची आग तासाभरात पलीकडे गेली, ओकच्या झाडांची अख्खी उतरण खात वरच्या झऱ्यापर्यंत पोहोचली. पाचव्या दिवशी वारा फिरला आणि तीच आग शेजारच्या दरीतून आमच्याकडे परत आली. रोसेंदोच्या मधमाश्यांच्या साठ पेट्या तिने नेल्या.

हे होऊ नये म्हणूनच तर दोन्हीकडच्यांनी ठरवलं होतं की आपापल्या बाजूला तीस पावलं रुंद पट्ट्यातलं गवत कापून जाळरेषा काढायची, मे संपायच्या आत. पलीकडचे त्यांच्या कामात चोख. शुक्रवारी त्यांचा माणूस आमची बाजू बघायला येणार होता. चेलाने शब्द दिला होता.

तिबुर्सिओवर संशय यायला कारणं होती. जाळरेषेला सभेत विरोध करणारा तो एकटा, कारण ती त्याच्या चांगल्या गवतातून जात होती. नवे कोंब लवकर यावेत म्हणून जुनं गवत पेटवणाऱ्यांतला त्याचा बाप. गुरुवारी दोनच्या सुमारास त्याची गाडी रेघेजवळ दिसली होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आगीच्या दोन दिवस आधी त्याने गुरं हलवली होती.

तो चेलाचा कोम्पाद्रे. त्याच्या थोरल्या मुलीची ती धर्ममाता, म्हणून दोघं एकमेकांना नावाने नाही, कोम्पाद्रे आणि कोमाद्रे म्हणूनच हाक मारत. तरीही शनिवारी आम्ही दोघं त्याच्या फाटकाशी गेलो. तो रेघेची तार ताणत होता. हात थांबवले नाहीत.

"मंगळवारी गुरं का हलवलीस?" चेलाने विचारलं.

"माझी गुरं आहेत."

"कुठे नेलीस?"

"जिथे पाणी आहे तिथे." तो वर न बघता म्हणाला. "कोमाद्रे, तुला जे विचारायचंय ते सरळ विचार."

तिने विचारलं नाही. तो आमच्या नजरेला नजर देत नव्हता, एवढं मला पुरलं. परतताना मी तिला म्हणालो की यानेच केलंय. पुढच्याच आठवड्यात ती सभेत त्याच्याविरुद्ध बोलली. हात वर झाले आणि तिबुर्सिओचा सामाईक कुरणावरचा हक्क बंद झाला. तो शेवटच्या बाकावर टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. स्वतःच्या बाजूने त्याने चकार शब्द काढला नाही. तेही आम्ही कबुलीतच धरलं. त्यानंतर त्याची बायको तोर्तिया-भाकरीच्या दुकानात आली की रांगेतल्या बायकांची बोलणी थांबायची.

आग विझल्यावर पलीकडून नोरा टेसमर आली. आग कुठून सुरू झाली हे शोधणं हे तिचं काम. पन्नाशीची, गुडघ्यांना जाड पट्ट्या बांधलेली, आमच्यासारखंच बोलणारी. परवानगीचे कागद दाखवून ती फाटकातून आत आली आणि पहिलंच वाक्य बोलली, "मी पोहोचायच्या आधी लोकांकडे नाव तयार असतं. आमच्याकडे ते पायी रेघ ओलांडणाऱ्यांचं आहे. चूल पेटवली म्हणतात. तुमच्याकडे कुणाचं?"

चेलाने सांगितलं. नोराने मान हलवली, पण लिहून घेतलं नाही.

दोन दिवस ती रांगत होती. गवताच्या जळक्या काड्यांचा कल कुठे, दगडाची कुठली बाजू काळी, खांबाला धग कुठून लागली, हे बघून जमिनीत छोटी रंगीत निशाणं रोवत होती. आम्ही दोघं तिच्या मागे. निशाणं तिबुर्सिओच्या कुंपणाकडे जातील अशी माझी खात्री होती. ती गेली नाहीत. ती जवळजवळ येत येत आमच्या जाळरेषेच्या काठाशी, खोलीएवढ्या जागेत जमली.

तिथे नोराने प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक घातला आणि राखेवरून हळूहळू फिरवला. पिशवीला लोखंडाचे बारीक कण चिकटले. मग तिने एक चपटा दगड दाखवला. त्याच्या कडेवर ताजा, पांढरा ओरखडा होता.

"इथे कापणीचं यंत्र कधी चाललं?"

"गुरुवारी सकाळी," चेला म्हणाली. "दहाच्या आत थांबवलं."

मे महिन्यात दहानंतर यंत्र चालवायचं नाही, हा नियम तिनेच केलेला. पात्याने दगडाला घासलं की ठिणगी उडते, आणि दुपारी गवत बारुदासारखं असतं. नोराने वेळ लिहून घेतली. मी चेलाकडे बघितलं. ती दगडाकडे बघत होती.

नोरा गेल्यावर गाडीत मी म्हणालो, "गुरुवारी एक वाजता मी तुला जेवायला बुरितो द्यायला आलो होतो. तू ट्रॅक्टरवर होतीस, मागे यंत्र चालू होतं."

तिने दाराच्या कडीवर हात ठेवला. "ठिणगी उडाली असती तर दिसली असती मला."

"तुला पाठीला डोळे आहेत का?"

ती खाली उतरली आणि दार न आपटता लावून निघून गेली.

त्यानंतरचे तीन दिवस मला फार जड गेले. तिबुर्सिओवरचा माझा संशय जागच्या जागी गळून पडला होता, पण संशय संपला नाही, तिच्याकडे वळला. तिने त्याचं नाव घेतलं तेव्हा तिला माहीत होतं का? सभेत उभी राहिली तेव्हा? ती गोदामात पाती धुताना दिसली की वाटायचं, का धुतेय? आणि एक वाजता मीही तिथे होतो. यंत्र बंद कर म्हणालो नव्हतो. बुरितो दिला आणि निघालो. माझ्याकडेही कुणी असं बघितलं असतं तर मी काय सांगणार होतो?

रविवारी चेलाने स्वतःच सभा बोलावली. उभी राहून तिने सांगितलं की शुक्रवारची पाहणी चुकू नये म्हणून तिने दुपारी दीडपर्यंत यंत्र चालवलं, आग त्याच जागी लागली, आणि नोराला दिलेली वेळ खोटी होती. खरी वेळ तिने काल फोन करून कळवली आहे.

रोसेंदोने विचारलं, "तुला हे कधी कळलं?"

"दगड बघितला तेव्हा," ती म्हणाली. "त्याआधी मला कळून घ्यायचं नव्हतं."

मीही उठलो आणि एक वाजताची गोष्ट सांगितली. मग सगळ्यांच्या माना मागे वळल्या. तिबुर्सिओ उठून सांगू लागला. त्याची विहीर एप्रिलमध्येच आटली होती. मंगळवारी त्याने रेघेची तार कापली आणि गुरं पलीकडच्या झऱ्यावर सोडली. पकडला गेला असता तर गुरं जप्त झाली असती. गुरुवारी ती बघायला गेला होता, आणि अर्ध्या वाटेत धूर दिसला. नऊ गायी वर जळाल्या. त्या पुरायलाही त्याला जाता आलं नाही.

"मी कुणाला सांगणार होतो?" तो म्हणाला. "तुम्ही तर आधीच हात वर केले होते."

त्याचा हक्क त्याच दिवशी परत मिळाला. माफी चेलाने सभेत मागितली, मग त्याच्या दारात जाऊन मागितली. दारात बायको आली. तो घरात नाही म्हणाली. तो घरात होता.

चेलाने पथक सोडलं. लोकांनी ते तिबुर्सिओला देऊ केलं, त्याने घेतलं नाही. मग माझ्या गळ्यात पडलं. आता यंत्रामागे पाण्याची गाडी चालते आणि साडेनऊला मी किल्ली काढून घेतो.

जुलैत पाऊस सुरू झाला तसं जळक्या उतरणीवरून काळं पाणी उतरायला लागलं. ओढ्यातले मासे मरून उताणे तरंगू लागले. पलीकडच्यांनी वर आणि आम्ही खाली, ओढ्यात आडवे दगडांचे बांध घालायला घेतले, राख अडावी म्हणून. चेला रोज येत होती, न बोलावता. तिबुर्सिओही आला. पहिले चार दिवस तो तिच्यापासून दूरच्या बांधावर काम करत राहिला.

पाचव्या दिवशी तिने लावलेला मोठा दगड पाण्याने पुन्हा पुन्हा हलत होता. तो वरून बघत होता. शेवटी खाली आला, दगड उचकटला, फिरवून बसवला.

"रुंद बाजू खाली घ्या, ग्रासिएला," तो म्हणाला आणि आपल्या बांधाकडे परत गेला.

तिने पुढचा दगड तसाच बसवला.