आरशाविना दाढी

माझ्या अर्धवट दाढीचा दोष आठ महिने मी पात्यांना देत होतो. अनसूया, म्हणजे माझी बायको, सकाळी चहाचा कप पुढे ठेवताना म्हणायची, "अहो, हनुवटीखाली राहून गेलं पाहा." आणि मी खेकसायचो, "या खेपेची पातीच भिकार निघाली, त्याला मी काय करू?" अकोल्याच्या कोर्टात चाळीस वर्षं वकिली केलेल्या माणसाला दुसऱ्यावर दोष ढकलणं शिकवावं लागत नाही. पातं बिचारं उलट बोलत नाही.

खरं काय ते मला आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना ठाऊक होतं. माझ्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. कडेकडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे रोखून पाहावं ते पुसल्यासारखं होतं. आरशापुढे उभा राहिलो की कान दिसतात, उरलेसुरले केस दिसतात, मागच्या खुंटीवरचा टॉवेल दिसतो आणि चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग. "संपूर्ण अंधार होणार नाही," डॉक्टर म्हणाले, "पण मधलं परत येणार नाही. घरच्यांना सांगून ठेवा." मी त्यांनी दिलेला कागद जुन्या खटल्यांच्या गठ्ठ्यात खुपसला आणि घरी येऊन चष्म्याचा नंबर बदलल्याचं सांगितलं.

सांगवत नव्हतं, बस. माझे वडील असेच दृष्टी जाऊन सहा वर्षं घरात बसले. आम्ही त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी बोलायचो. त्यांना वाढा, त्यांना उन्हात बसवा, त्यांना आत आणा. वाईट कोणी वागलं नाही, पण त्यांना काही विचारणं मात्र आम्ही सगळ्यांनी सोडून दिलं. अनसूयाने ती सहा वर्षं पाहिली आहेत. उद्या ती पाहुण्यांना माझ्यासमोर सांगेल, "यांना इकडे बसवा," ही कल्पनाच मला सहन होत नव्हती.

आणि दाढी हीच माझी चोरी उघडी पाडत होती.

आता माझ्या नादाविषयी सांगायला हवं. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रा करतात, मी जुने इंजेक्टर रेझर जमवतो. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. या रेझरचं डोकं उघडत नाही. पाती एका चपट्या पत्र्याच्या डबीत एकावर एक असतात. डबीचं टोक रेझरच्या कुशीतल्या फटीत बसवायचं आणि अंगठ्याने खटका पुढे सारायचा. नवं पातं आत शिरतं आणि जुन्याला दुसऱ्या बाजूने बाहेर ढकलतं. धारेला बोट लागायचा प्रश्नच नाही. नव्वद-शंभर वर्षांपूर्वी कोणा डोकेबाज माणसाला हे सुचलं, याचं मला अजूनही नवल वाटतं. माझ्याकडे असे अकरा नग कापसात गुंडाळून ठेवलेले आहेत. अनसूया त्यांना 'तुमची लेकरं' म्हणते. दाढी बिघडू लागल्यावर मी आणखी चांगला रेझर शोधायला लागलो. डोळा जाऊन राहिला होता आणि मी हत्यार बदलत होतो.

गेल्या माघात दर्यापूरहून पौर्णिमाचा फोन आला. ती माझी जुनी ज्युनिअर, आता तिथेच वकिली करते. "सर, आमच्या गल्लीत अब्दुल रहीम टेलर आहेत. त्यांच्याकडे तुमच्यासारखा रेझर आहे, त्यांचा भाऊ बहारीनहून घेऊन आला होता. पण नुसता रेझर पाहू नका, त्यांना दाढी करताना पाहा."

"दाढीत काय पाहायचं?"

"या तर खरं," म्हणाली आणि फोन ठेवला. ही सवय तिला माझ्याकडेच लागली.

दुसऱ्या दिवशी माझा सगळ्यात देखणा, सोनेरी मुलाम्याचा रेझर खिशात घालून निघालो. देवाणघेवाणीत उपयोगी पडेल असा हिशेब. स्टँडवर गाडीची पाटी वाचता येईना. तिघांना विचारलं, तिघांनीही "समोरच तर लिहून आहे काका" असं ऐकवलं. तिसऱ्यावर मी ओरडलो.

अब्दुल रहीम अंगणात कडुलिंबाखाली स्टुलावर बसले होते. बाजूच्या तिपाईवर गरम पाण्याचा मग, ब्रश, साबणाची वाटी. पांढरी बंडी आणि चौकड्याची लुंगी मला स्पष्ट दिसली. चेहरा अर्थातच दिसला नाही. हल्ली कोणाचाच दिसत नाही, मी आवाजाकडे बघून हसतो.

"या वकीलसाहेब, सलाम. पौर्णिमाबाईनं सांगतलं होतं. बसा, मी दाढी करून राहिलो. दोन मिनिटं."

दोन मिनिटं नव्हे, चांगली पंधरा मिनिटं लागली आणि त्यातलं एकही मला विसरता येणार नाही. ब्रश गालावर गोल गोल फिरला. मग डाव्या हाताची बोटं कानापासून हनुवटीपर्यंत सावकाश खाली आली, पुन्हा वर गेली. मग रेझर लागला. दाब नाही, घाई नाही. खर्र, खर्र, खर्र, असा बारीक आवाज, आणि मध्येच आवाज बंद झाला की हात थांबे, एक बोटभर सरके आणि पुन्हा खर्र. एकदाही पुसून पाहणं नाही, मान वळवून अंदाज घेणं नाही. गळ्याच्या घाटीवर, जिथे मी दर दोन दिवसांनी रक्त काढतो, तिथे त्यांनी श्वास रोखला आणि रेझर एका झोकात वरून खाली आणला. मी समोरच्या खुर्चीच्या कडेला येऊन बसलो होतो. आयुष्यात मी मोठमोठे वकील बोलताना ऐकले आहेत, पण हातातलं काम असं निःशंक चाललेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"आरसा नाही लागत तुमाले?" मी विचारलं.

"मले कायले लागते आरसा? चवदा वर्सं झाले, काईच दिसत नाई. काचबिंदूनं नेलं."

पंधरा मिनिटं मी एका आंधळ्या माणसासमोर बसलो होतो आणि मला कळलं नव्हतं. त्यांचे डोळे मिटलेले होते की उघडे, हे माझ्या डागाआड राहून गेलं होतं.

त्यापुढे मी जे केलं त्याची मला लाज वाटते. वकिलाचं मन; एवढी सफाई आणि दृष्टी नाही, हे पटेना. ते टॉवेलने तोंड पुसत होते. मी आवाज न करता तिपाईवरचा त्यांचा रेझर उचलला आणि तिथे माझा सोनेरी ठेवला. बनावट, आकार, दोन्ही जवळपास सारखे. हा माणूस फसला तर खरा आंधळा, नाही तर नाटकी, असा माझा अक्कलशून्य निकाल.

त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला, हात पुढे केला आणि रेझर उचलला. क्षणभरच. मग अंगठा डोक्याच्या बाजूवरून नेला.

"हा तुमचा हाय, वकीलसाहेब," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "माह्या जागी कावून ठेवला ते तुमाले माहीत. पण याच्यात पातं पुरं बसलं नाई. इकडून तिळाएवढं भाईर निंघालं. खटका मंधातच सोडला तुमी. असा गालाले लावाल त गाल कापते."

त्यांचा रेझर तिपाईवर ठेवून मी माझा हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. डाग. लांब धरला. डाग. नखाने चाचपलं तेव्हा कोपरा लागला. त्याच सकाळी मी त्यात पातं भरलं होतं आणि नीट बसल्याची खातरजमा आरामात, खिडकीच्या उजेडात, डोळ्यांनी केली होती.

"एक विचारू?" अब्दुल रहीम म्हणाले. "फाटकापाशी तुमी दोनदा ठेचकाळले. खुर्शीदबीनं पाण्याचा गिलास पुढं केला त तुमी तिच्या हाताले धरलं, बांगड्या वाजल्या. आन हे पातं. तुमाले दिसत नाई का?"

दाराशी त्यांची बायको खुर्शीदबी उभी होती. चाळीस वर्षं मी साक्षीदारांना कोंडीत पकडलं, पण मला इतक्या सरळ कोणी विचारलं नव्हतं.

"मधलं जाऊन राहिलं," मी म्हणालो. "कडा आहेत."

"घरी सांगतलं?"

"नाही."

ते उठले, आतून गरम पाणी मागवलं आणि स्टूल माझ्याकडे सरकवला. "बसा. कोट काढा. पहिले पातं."

पत्र्याची डबी त्यांनी माझ्या हातात दिली. माझी बोटं धरून टोक माझ्या रेझरच्या फटीत बसवलं. "आता अंगठा. थांबू नका, पुरा जाऊ द्या. कानानं आयका." खट् झालं आणि जुनं पातं तिपाईवर टणकन पडलं. "आला का आवाज? तो आवाज आला म्हंजे नवं बसलं. पाहाची गरजच नाई."

मग साबण. मग म्हणाले, "डोये मिटा."

"मला थोडं दिसतं हो अजून."

"तेच त मंधात मंधात येऊन राहिलं तुमच्या. मिटा." त्यांनी माझा डावा हात माझ्याच गालावर ठेवला. "मी टेलर. कापडाले उभं-आडवं असते, तसं दाढीलेबी असते. पहिले बोटानं वाचा, केस कुठं जाते ते. मंग त्याच्या संगं जा. वाजलं म्हंजे हाय. वाजणं थांबलं म्हंजे झालं."

सत्तराव्या वर्षी, दर्यापुरात, परक्या माणसाच्या अंगणात मी डोळे मिटून दाढी केली. हळूहळू आवाज ऐकू येऊ लागला. कानाजवळ जाड, गालावर बारीक, हनुवटीवर कडक. पन्नास वर्षं रोज या चेहऱ्यावरून रेझर फिरवला, पण हनुवटीच्या डाव्या बाजूचे केस वर जातात हे मला माहीतच नव्हतं. आरशातला माणूस उलटा असतो आणि मी त्याचीच दाढी करत आलो होतो. बोटाखाली माझा स्वतःचा चेहरा सापडत गेला, आणि काय सांगू, अंगावर काटा आला.

त्यांचा रेझर विकत मागायचं मी विसरलो. फाटकापाशी आठवण झाली आणि विचारलं, तर खुर्शीदबी हसल्या. "मुझसे ज्यादा सँभाल उसकी होती साहेब, वो नहीं देंगे."

दुसऱ्या दिवशी अकोल्यात, जठारपेठेतल्या आमच्या मागच्या गॅलरीत स्टूल टाकून बसलो. न्हाणीघरातल्या आरशाकडे गेलोच नाही. डोळे मिटले, बोटं फिरवली, रेझर लावला. अर्धी दाढी झाली असेल, तेव्हा अनसूयाच्या बांगड्या वाजल्या. ती दारात उभी राहिली. मी पुरी केली, पाणी मारलं.

ती जवळ आली. माझी हनुवटी धरून इकडे तिकडे वळवली. "आज कुठंच राहिलं नाई," ती म्हणाली. "नवीन पाती?"

मला चक्क सुटका मिळाली होती. आठ महिने ज्या पुराव्याची भीती होती तो पुरावाच उरला नव्हता. दाढी गुळगुळीत, आवाजाकडे बघून हसायची सवय पक्की. आणखी दोन वर्षं तरी मला कोणी पकडू शकलं नसतं. "हो, नवीन," एवढंच म्हणायचं होतं.

"अनसूया," मी म्हणालो, "मला तुझा चेहरा दिसत नाही. आठ महिने झाले."

तिने हनुवटी सोडली नाही. खालच्या रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला.

"काईच नाई?"

"कान दिसतात. डूल दिसतात. मधलं नाही. आणि ते परत येणार नाही."

ती म्हणाली, "मंग मी रोज कोणासाठी पावडर लावून राहिली?" आणि तिचा आवाज फुटला.

मी वाट पाहत होतो. ती आता मुलाला फोन करील, मला हाताला धरून आत नेईल, खुर्चीत बसवील. तिने पदराने नाक पुसलं. आतून दुसरा स्टूल ओढत आणला आणि माझ्यासमोर टाकला.

"सांगा," ती म्हणाली, "मी कुठं बसू म्हंजे तुमाले दिसीन?"

आठ महिने मी हट्टाने सरळच पाहत आलो होतो. कुठे पाहिलं तर काय दिसेल, हे मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. मी नजर उचलून समोरच्या भिंतीवर ठेवली.

"थोडी डावीकडे," मी म्हणालो.

स्टूल फरशीवर करकरला. "इथं?"

"अजून थोडी."

"इथं?"

भिंतीवरून नजर न हलवता मी थांबलो. आणि कडेला, हळूहळू, तिचं कपाळ आलं, मग चष्मा, मग नाक, मग थरथरणारे ओठ. सगळी अनसूया.

"दिसली," मी म्हणालो. "रडू नकोस. नाक लाल झालंय."