सुरभीचा डावा गाल आणि मी

मित्रांनो, मी एक जुना पेन आहे, पण माझ्यात शाई नाही. माझ्या तोंडाशी केसाहून बारीक सुया आहेत. घाबरू नका! आधी मलम लावून गाल बधिर करतात, मगच मी चालतो.

मुरुमं नखानं फोडली की ती जाताना चेहऱ्यावर खड्डे ठेवून जातात. मी तिथं हलकेच टोचतो. मग कातडी जागी होते आणि आपला खड्डा आपणच हळूहळू भरू लागते. या कामाचा मला फार अभिमान आहे. प्रत्येक माणसासाठी माझं सुयांचं टोक नवं असतं. पाकीट आपल्यासमोर फोडलं का, डॉक्टरांनी हातमोजे बदलले का, हे तुम्हीही डोळ्यांत तेल घालून बघत जा.

वर्ध्याच्या आमच्या दवाखान्यात डॉक्टर प्रेरणा मॅडमनी एक परीक्षा घ्यायचं ठरवलं. राजी असलेल्या माणसांच्या दोन्ही गालांवर मी चालायचं. मग उजव्या गालावर त्यांच्याच रक्तातून काढलेलं पिवळसर पाणी लावायचं, डाव्यावर काहीच नाही. कुठला गाल जास्त भरतो ते बघायचं.

देवळीची सुरभी त्यात होती. ती अंगणवाडीत शिकवते. "मॅडम, तुमच्या गालाले खड्डे काऊन पडले?" असं एका चिमुरडीनं विचारल्यापासून ती गाणी शिकवतानाही दुपट्टा डोळ्यांपर्यंत बांधायची. तिची आई, जयवंताबाई, दर खेपेला सोबत यायची.

"डावा गाल सावत्र आहे का, मॅडम?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

मॅडम हसल्या. "तसं केल्याशिवाय फरक कळणार कसा, मावशी? घरी मात्र काही लावायचं नाही हं."

पुढच्या खेपेला सुरभीनं दुपट्टा सोडला. उजवा गाल शांत होता. डावा लालभडक, पुरळ उठलेला. मॅडमचा चेहराच उतरला.

"नुसत्या सुयांनी असं होत असेल तर चाचणी थांबवावी लागेल. प्रफुल्ल, हा पेन डब्यात ठेव."

मॅडमचा मदतनीस प्रफुल्ल, त्यानं मला उचललं. मित्रांनो, मला बोलता येत नाही. माझ्या नावावर खोटा ठपका बसणार होता आणि रांगेतली माणसं उपचारावाचून परत जाणार होती.

जयवंताबाईनं लेकीचा हात दाबला. "चूप राह्य वं. यादीतून नाव काढतील तुहं."

सुरभीनं हात सोडवून घेतला. "मॅडम, मशीनची चूक नाई. आईनं डाव्या गालाले साय-हळद लावली, अन् मी लावू देली."

"तिले काई म्हणू नका!" जयवंताबाई पुढं आली. "अर्ध्या तोंडाले औषध अन् अर्ध्याले काईच नाई, हे मायले पाहावत नाई, मॅडम."

मॅडमनी डावा गाल पुन्हा निरखून पाहिला. "सुरभी, तुझे फोटो आता चाचणीत धरता येणार नाहीत. पण गाल बरा झाला की उपचार मी पूर्ण करणार. उजवा सरस ठरला, तर सगळ्यांच्या डाव्या गालालाही तेच पाणी मिळणार होतं. हे मी मावशींना आधीच सांगायला हवं होतं. आणि मावशी, हळद आता फक्त भाजीत!"

"वरणातबी टाकतो ना, मॅडम," जयवंताबाई डोळे पुसत म्हणाली. सगळे हसले.

माझा डबा उघडाच राहिला. स्वतःचं नाव गमावून एका मुलीनं माझं नाव राखलं. कुठल्याही कौतुकापेक्षा मला ते मोठं वाटतं.

परीक्षेचा निकाल मॅडम अजून जुळवताहेत. मित्रांनो, तोवर माझं एवढं ऐका. मुरुमं फोडू नका. कुणाच्या गालाकडे बोट दाखवू नका. आणि घरी काही लावलं असेल, तर रागावतील म्हणून डॉक्टरांपासून लपवू नका.

सुरभी परवा शेवटचं येऊन गेली. खड्डे सगळे गेलेले नाहीत, उथळ झालेत. निघताना ती पुन्हा दुपट्टा बांधू लागली, तेव्हा जयवंताबाई पटकन म्हणाली, "आता काऊन बांधतं वं?"

"ऊन आहे ना, आई," सुरभी म्हणाली. "अंगणवाडीत गेल्यावर सोडतो मी."