मधला बैल

अगं थांबा, चहा नंतर, आधी ऐका! मंजू, तू हसू नकोस, तुला अर्धंच माहितीये.

तर माझी ती लिंक्ड लिस्ट. दीड महिना तीच रड. म्हणजे बघा, एक आकडा, त्याच्याजवळ पुढच्याचा पत्ता, त्या पुढच्याजवळ त्याच्या पुढच्याचा, अशी माळ. दहा, वीस, तीस, चाळीस. वीस काढा म्हटलं की माझ्या प्रोग्राममध्ये तीस-चाळीसही गायब! दहा उरायचा, बाकी काळा स्क्रीन. कॉम्प्युटर आठ, आपण बत्तीस. माझी पाळी यायची, माळ तुटायची, पाळी संपायची. आणि प्रॅक्टिकलला नापास म्हणजे वर्ष गेलं. नानांनी आधीच सांगून ठेवलेलं, "वरीस गयं का जळगाव बंद." म्हणजे कॉलेज सोडून घरी. माझे वडील एकदा बोलले की बोलले.

त्यात मागच्या रविवारी गावी गेले, पारोळ्याजवळ. खळ्यात दादरची, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीची, मळणी चाललेली. चार बैल एका ओळीत, खांबाभोवती गोल फिरताहेत. पहिला खांबाला बांधलेला, दुसरा पहिल्याच्या गळ्याला, तिसरा दुसऱ्याच्या, चौथा तिसऱ्याच्या. दुसरा, आमचा लाल्या, लंगडायला लागला. आबा, म्हणजे माझे आजोबा, लांबून ओरडले, "त्याले काढ!"

मी शहाणी! गेले आणि लाल्याचं दावं पहिल्याच्या गळ्यातून सोडलं. लाल्या निघाला. त्याला बांधलेले दोघंही निघाले. तिघं थेट शेजारच्या कौतिककाकांच्या हरभऱ्यात, मागोमाग मी!

सगळेच गेलेले बघून आबांनी कपाळाला हात लावला. "बठ्ठा गयात ना आते! पहिले तिसराले पहिलासंगे बांध, मंग लाल्याले सोड. कालेजमा काय शिकाडतस तुम्हले?"

अगं, मी हरभऱ्यातच थबकले. कौतिककाका शिव्या देताहेत, बैल घाटे खाताहेत, आणि मी नुसती हसतेय. दीड महिना मी हेच तर करत होते, आधी सोडत होते!

मग परवा प्रॅक्टिकल. परीक्षा घ्यायला बाहेरचे सर, जाड चष्मा. आलं तेच, मधला काढा. आधी बांधलं, मग सोडलं, दोनच ओळी. चालवणार तेवढ्यात लाईट गेली. सेव्ह केलेलं नाही! सर म्हणाले, "चला, फळ्यावर समजवा." मी खडू घेतला आणि जे डोक्यात होतं तेच काढलं.

"हे काय?"

"सर, बैल."

मागून ही मंजू फिसकन हसली. सर हसले नाहीत. मी तिसऱ्याचं दावं पहिल्याला जोडलं, मग लाल्याला पुसलं. त्यांनी खांबावर बोट ठेवलं.

"आणि खांबाजवळचाच काढायचा झाला तर?"

"मग दुसऱ्याला खांबालाच बांधायचं, सर. पण आधी."

"आणि बैल मारका निघाला तर?"

"त्याला आम्ही ओळीत घेतच नाही, सर."

तेव्हा हसले बाई एकदाचे! लाईट आली, म्हणाले, "आता टाईप करा." केलं. दहा, तीस, चाळीस. तिघंही जागेवर! सरांनी माझ्यासमोरच कागदावर 'पास' लिहिलं.

आज सकाळी घरी पोस्टकार्ड टाकलं. नानांना लिहिलं, पास झाले, जळगाव चालू. आणि खाली आबांसाठी एकच ओळ, सगळे परत आल्याची, "बठ्ठा परत उनात."

हं, आता आण गं चहा.