पारूबाईच्या दमापुरती जागा

"आता मी जे सांगणार हाय, त्यावर तुमच्यातल्या एकीचाबी विश्वास बसायचा नाय," असं म्हणून सर्जेराव विहाराच्या भिंतीला टेकले, आणि बायकांनी हसू दाबायला पदर तोंडाला लावले. सर्जेरावांवर विश्वास ठेवायचा नसतो, हे हर्सूलच्या त्या वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. गुलमंडीच्या बाजारात, कापडाच्या दुकानात त्यांचा उभा जन्म गेला. साधा मांजरपाटसुद्धा निजामाच्या जनानखान्याची एखादी भानगड चिकटवल्याशिवाय त्यांनी कधी विकला नाही.

पण आजची थाप हौसेची नव्हती. शेजारी त्यांची बायको, पारूबाई, मान खाली घालून बसली होती, आणि ते त्यांना बघवत नव्हतं.

झालं होतं असं. पौर्णिमेची वंदना आटोपली, खीर वाटून झाली. यानंतर पारूबाईंनी ओव्या म्हणायच्या, हा विहारातला जुना रिवाज. पण हिवाळ्यात पारूबाई छातीच्या दुखण्यानं दवाखान्यात पडल्या, आणि घरी आल्या त्या अर्ध्या ओव्या तिथंच ठेवून आल्यासारख्या. शब्द निसटायला लागले. म्हणून नात रूपानं आजीला आठवेल तसं विचारून, सगळ्या ओव्या टिपून विहाराच्या वेबपेजवर चढवल्या होत्या. साधी पद्धत. ओळीआधी चांदणीची एक खूण टाकली की यादीतला ठिपका तयार, ठिपक्यापुढं ओवी. अक्षरं मोठी केली की आजीनं फोनवर बघून गायचं.

रूपानं लिहिताना प्रत्येक ओवीच्या ओळी एन्टर मारून नीट वेगळ्या केल्या होत्या. तयार झालेलं पान मात्र उघडून पाहिलं नव्हतं. त्या पद्धतीची खोड अशी की नुसत्या एन्टरला ती जुमानत नाही, खालची ओळ उचलून वरच्या ओळीला चिकटवते.

पारूबाईंनी चष्मा सावरून फोन पाहिला. "ह्या ओव्या हायत का गुलमंडीतली दिवाळीची गर्दी? मला दम घ्यायला जागाच नाय ठेवली गं."

"थांब आजी, आत्ता करते!" रूपा ओशाळली. प्रत्येक ओळीच्या शेवटी तिनं दोन मोकळ्या जागा, म्हणजे स्पेस, टाकल्या. तेवढ्यानं ओळ तुटते. दोन ओव्यांच्या मधे एक आख्खी ओळ रिकामी सोडली. यादी ऐसपैस झाली.

पारूबाईंनी पुटपुटून पाहिलं. *लेक चालली शाळेत. पाटी तिच्या झोळीत.* थांबल्या. परत सुरू केलं. परत थांबल्या.

"हे माझं नाय," त्या म्हणाल्या. "असा मी दम घेत नव्हते."

"मग कुठं घ्यायचीस? सांग, तिथं तोडते."

"तेच आठवंना." त्यांनी फोन मांडीवर पालथा ठेवला. "ऱ्हाऊ द्या. लई झालं. आजपासून ओव्या बंद. माझं नाव काढू नका यापुढं."

रूपानं आजोबांकडं पाहिलं. सर्जेरावांनी जन्मभर ती ओवी ऐकली होती, पण बाई श्वास कुठं घेते, याकडं कुठला नवरा लक्ष देतो? त्यांनाही ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की पारूबाई नवऱ्याच्या वाट्टेल तेवढ्या थापा पचवते, पण ओवीची मोडतोड खपवून घेत नाही.

"तर ऐका," सर्जेराव म्हणाले. "आमचं लगीन नवं. ही हर्सूलच्या तलावावर धुणं धुवायला जायची आन् गायची. गाणं सुरू झालं की लाटा काठाला यायच्या. ही दम घ्यायला थांबली, की लाट तिथंच उभी. पुढंबी नाय, मागंबी नाय."

"आणि मासे, भावजी?" भामाबाईंनी खडा टाकला. थट्टेला त्या कायम पुढं.

"मासे तोंड उघडं टाकून बघत ऱ्हायचे, भामाबाई. म्हणून तर फकिरा कोळ्याला जाळं लागायचं नाय, पाटीनं भरून न्यायचा. अहो, तिथल्या जेलच्या भिंतीआड कैदी जेवायला बसलेले. हिचा दम सुटंस्तोवर त्यांचा घास हातातच! जेलर वैतागला. मला बोलावून म्हणतो, सर्जेराव, तुमच्या मंडळींना सांगा, जरा लवकर श्वास घेत जा. डाळ गार पडती."

बायका खो खो हसल्या. पारूबाईंची मान वर झाली नाही. सर्जेरावांनी डोळ्याच्या कोपऱ्यातनं पाहून घेतलं आणि आवाज चढवला.

"आन् दम कुठं घ्यायची? मला पाठ हाय. रूपा, लिहून घे. *लेक चालली शाळेत पाटी तिच्या*—" इथं त्यांनी फुटक्या भात्यासारखा मोठा श्वास ओढला, "—*झोळीत उजेड*—" परत भाता, "—*आला ओळीत*—"

"खोटं!"

पारूबाई ताठ बसल्या होत्या. "धादांत खोटं! *पाटी तिच्या* म्हणून कुणी थांबतं व्हय? मी *लेक चालली* म्हणून थांबायचे! लेक निघाली, तर ती वळणाआड जाईस्तोवर आई दारातच उभी ऱ्हाती. लगेच आत येती का?" आणि त्यांनी हात गुडघ्यावर ठेवला, डोळे मिटले.

"*लेक चालली*..."

रूपाचं बोट *चालली*च्या पुढं गेलं आणि तिनं दोन मोकळ्या जागा टाकून एन्टर मारला.

"*शाळेत, पाटी तिच्या झोळीत, उजेड आला*..."

आणखी दोन, परत एन्टर. आधीच्या तोडी पुसल्या.

"*ओळीत, दिव्याआधी.*"

पारूबाईंनी डोळे उघडले. फोन उचलला, डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ पाहिला. मग बोटानं पुढच्या ओवीवर आल्या. पण गाण्याआधी नवऱ्याकडं वळल्या.

"आन् तलावावर म्या जन्मात धुणं धुतलं नाय. दारात नळ होता आपल्या. खोटारडे!"