ताईंच्या गच्चीवरचा पाऊस

त्या आठवड्यात नणंदबाईंचा चौथा फोन आला तेव्हा मी हवामान कार्यालयात संध्याकाळचा अंदाज लिहीत होते.

"काय गं, आज काय म्हणाली होतीस सकाळी?"

"पावसाची शक्यता नाही, ताई."

"तुझी ती नसलेली शक्यता आत्ता माझ्या चादरींवर पडतेय. ऐकू येतंय का? ऐक." आणि त्यांनी फोन गच्चीच्या दाराबाहेर धरला. खरंच पत्र्यावर ताशे वाजत होते.

मी खिडकीतून पाहिलं. स्वच्छ ऊन. ढगाची चिंधीसुद्धा नाही.

नणंदबाईंची लाँड्री आहे, गावाच्या दुसऱ्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी. दवाखान्याच्या चादरी, उशांचे अभ्रे, सगळं गच्चीवर वाळतं. आमचं कार्यालय विमानतळाच्या सपाट माळावर. मधे फार तर आठ किलोमीटर. पण पर्जन्यमापक एकच, आणि तो आमच्या अंगणात. साहेबांना सांगितलं तर त्यांनी वही पुढे सरकवली. "शून्य पूर्णांक शून्य. नोंद नाही म्हणजे पडला नाही."

"साहेब, चादरी भिजल्यात."

"चादरी हे काय उपकरण आहे का?"

घरी नवरा म्हणाला, "एकदा जाऊन तिला नीट समजावून सांग ना." म्हणजे बहीण त्याची, आणि समजवायचं मी! शनिवारी अर्धी रजा टाकून गेले, पण आधीच डोकं तापलेलं होतं.

गच्चीवर चादरींच्या सात रांगा. वारा डोंगराकडून येत होता आणि सगळ्या चादरी गावाच्या दिशेने फुगलेल्या. आकाश निळंशार. मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, आज पडूच दे बघू.

"ताई, ढग असा हवेत आपोआप उगवत नाही," मी सुरू केलं. "जमीन तापते, हवा वर जाते. वर गेली की पसरते, थंड होते. मग तिच्यातली वाफ धुळीच्या कणांवर धरते आणि बारीक थेंब होतात. तो ढग."

"म्हणजे आमच्या इस्त्रीच्या वाफेसारखं."

"तसं नाही हो. वाफ डोळ्यांना दिसत नाही. पांढरं दिसतं ते पाणी असतं, थेंब झालेलं."

"तेच म्हणतेय मी. इस्त्रीच्या भोकाशी काहीच दिसत नाही, दोन बोटं पुढे पांढरं. नवीन बायका पांढऱ्याला घाबरतात आणि भाजून घेतात भोकाशी." त्यांनी मनगटावरचा जुना डाग दाखवला. "हे मला तू शिकवू नकोस."

वीस वर्षं मी हे लोकांना समजावतेय, पण इतकं सोपं उदाहरण मला एकदाही सुचलं नव्हतं, आणि त्याचाही रागच आला.

अडीचला वारा पडला. मग हळूच चादरी उलट्या फुगल्या, डोंगराकडे.

"चला गं, काढा," ताईंनी खाली हाक मारली. इस्त्रीच्या दोघी बायका टोपल्या घेऊन वर आल्या.

"अहो ताई, कशाला? आकाश बघा तरी!"

"तू बघ. मला चादरी काढायच्यात."

वीस मिनिटांत डोंगराच्या खांद्यावर कापसाचा बोळा दिसला. तळ सपाट, वरून फुगत चाललेला. माळावरची सगळी तापलेली हवा त्या उतारावर चढत होती, हे मला आता स्वच्छ दिसत होतं. तरी मी म्हणाले, "हा एवढासा आहे. नाही उतरायचा."

शेवटची रांग काढायची राहिली होती तेवढ्यात तो उतरला. आम्ही चौघी चिंब झालो. मी जिन्यातूनच कार्यालयात फोन लावला. सहकारी म्हणाला, "इथे? कडक ऊन आहे. शून्य."

"मग? सांगितलंस समजावून?" ताईंनी केस पिळत विचारलं.

"तुम्ही हे वाऱ्याचं आधी का नाही सांगितलं?"

"रोज फोन करत होते! तू 'पावसाची शक्यता नाही' यापुढे बोलू देशील तर ना!"

सोमवारी दुसऱ्या पर्जन्यमापकासाठी अर्ज दिला. परत आला. पुन्हा दिला. कारण विचारलं, नकाशा मागितला, गच्चीच्या उंचीवर आक्षेप घेतला. अडीच महिन्यांनी भांडारातला एक पोचे पडलेला मापक लाँड्रीच्या मागच्या मोकळ्या जागेत बसला. रोज सकाळी साडेआठला ताई मोजपात्र डोळ्यांसमोर धरून आकडा घेतात, आणि तो मिलिमीटरच्या दशांशापर्यंत असतो. एका दुपारी तेवीस मिलिमीटर पडला. आमच्याकडे शून्य.

ताईंच्या अशा सव्वीस नोंदी जमवून साहेबांसमोर ठेवल्या, तेव्हा कुठे अंदाजात एक ओळ घालायला परवानगी मिळाली: डोंगरालगतच्या भागात दुपारनंतर पावसाची सर. पहिल्याच दिवशी साहेबांनी 'डोंगरालगतच्या भागात' यावर काट मारली. वाक्य लांबतं म्हणे.

मी ते पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा खोडलं. तिसऱ्यांदा लिहून मी त्यांच्या टेबलासमोरच उभी राहिले, कागद प्रसारणाला जाईपर्यंत हललेच नाही.

घरी आल्यावर नवरा माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "आज पुन्हा ताईने काही केलं का?"

"नाही," मी म्हटलं. "त्यांना मधे आणू नकोस."